धक्का कोणी दिला?



संयोजकांनी फोनवर व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, ‘बलाची गणितं’. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग जरा आदरानंच विचारणा झाली, ‘म्हणजे आत्मबल का?’ मी म्हटलं, नाही हो, नववी-अकरावीतलं बल. उतारावरचा ठोकळा, दोरीला टांगलेलं वजन, घसरणारी शिडी, तेच. ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते त्यांनी मला दुसरं काही शिकवलं नाही असं नाही, पण जे आयुष्यभर पुरलं ते हेच. तेव्हा आज दहावीचा अभ्यास सोडून आलेल्या मुलांना मी निराश करणार नाही, आणि ज्यांना भौतिकशास्त्र म्हटलं की अजूनही पोटात गोळा येतो त्यांनी खुर्चीत सैल बसावं. फळा मागवलाय, पण शक्यतो कमी वापरीन.

सर आम्हाला विज्ञान शिकवायचे आणि मराठीही. हा योग शिक्षकांच्या तुटवड्यामुळे जुळून आला होता. सोमवारी विभक्ती आणि मंगळवारी न्यूटन. आठवीत आम्ही ‘ने, ए, शी’ घोकत होतो आणि नववीत बल आलं, तेव्हा सरांनी मंगळवारच्या तासाला सोमवारचं व्याकरण काढलं. वर्गाला वाटलं, सरांचा वार चुकला.

त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. ‘मला धक्का बसला.’ ‘त्याने मला धक्का दिला.’ आणि विचारलं, पहिल्या वाक्यात धक्का कुठून आला?

आता हे बघा, आपल्या भाषेत बल आपोआप येतं. धक्का बसतो, दाब पडतो, ताण येतो, जोर लागतो, ओढ लागते, भार होतो. देणारा कोण, हे सांगावंच लागत नाही. गप्पा मारायला, कथा लिहायला हे फार सोयीचं आहे. लोकलमध्ये ‘धक्का लागला’ म्हटलं की भांडण टळतं, ‘तू धक्का दिलास’ म्हटलं की सुरू होतं. न्यूटनच्या वर्गात मात्र भांडण लावायचंच असतं. तिथे ‘बसला’, ‘पडला’, ‘आला’ चालत नाही. प्रत्येक बलाचं एक पूर्ण वाक्य करायचं: अमक्याने तमक्याला ढकललं, किंवा अमक्याने तमक्याला ओढलं. ‘ने’ पाहिजे आणि ‘ला’ पाहिजे. ‘ने’च्या आधी येणारी वस्तू खरीखुरी, बोट दाखवता येईल अशी पाहिजे. असं वाक्य झालं नाही तर ते बल नाही, आकृतीतून खोडा.

एवढंच. मी पुढे कॉलेजात गेलो, जाडजूड पुस्तकं वाचली, तीस-बत्तीस वर्षं स्वतः शिकवलं. पण सुरुवातीच्या पायरीवर याहून कामाची गोष्ट मला सापडलेली नाही. गणित चुकतं ते बेरजेत क्वचित चुकतं. ते त्याआधीच, पेन्सिल टेकायच्या वेळी चुकतं. कोणाकडे बघतोय हे ठरवलेलं नसतं, आणि त्याला कोण कोण हात लावतंय याची यादी केलेली नसते.

टेबलावर पुस्तक ठेवलंय. आपण पुस्तकाकडे बघायचं ठरवलं, म्हणजे प्रत्येक वाक्यात ‘पुस्तकाला’ आलं पाहिजे. पुस्तकाला कोण शिवतंय? टेबल. तेव्हा टेबलाने पुस्तकाला वर ढकललं. न शिवता ओढणारं कोण? इथे पृथ्वी एकटीच. पृथ्वीने पुस्तकाला खाली ओढलं. यादी संपली. पुस्तक जागचं हलत नाही, म्हणून दोन्ही बलं सारखी आणि उलट दिशेला.

इथे बहुतेक मुलं आनंदानं म्हणतात, हाच न्यूटनचा तिसरा नियम, क्रिया आणि प्रतिक्रिया! मीही म्हणालो होतो. सर म्हणाले, वाक्य उलटं कर. तिसरा नियम म्हणजे ‘ने’ आणि ‘ला’ यांची अदलाबदल. ‘पृथ्वीने पुस्तकाला ओढलं’ याचा जोडीदार ‘पुस्तकाने पृथ्वीला ओढलं’. ‘टेबलाने पुस्तकाला ढकललं’ याचा जोडीदार ‘पुस्तकाने टेबलाला ढकललं’. जोडीतली दोन बलं कधीच एका वस्तूवर नसतात, मग ती एकमेकांना रद्द कशी करणार? पुस्तकावरची दोन बलं सारखी आहेत ती पुस्तक स्थिर आहे म्हणून. टेबल लिफ्टमध्ये ठेवा आणि लिफ्ट वर निघू द्या, लगेच टेबल पृथ्वीपेक्षा जास्त ढकलायला लागेल. तिसरा नियम मात्र तेव्हाही जसाच्या तसा राहील.

हा घोळ आपल्याच मुलांचा होतो असं समजू नका. अमेरिकेत, ॲरिझोनामध्ये, डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ नावाची एक चाचणी छापली. तिच्यात आकडेमोड नाही, सूत्रं नाहीत, नुसते साध्या भाषेतले बहुपर्यायी प्रश्न. त्यातला एक असा: मोठा ट्रक आणि छोटी मोटारगाडी समोरासमोर धडकले, कोणी कोणावर जास्त बल लावलं? आता तुम्हीच मनात उत्तर द्या. मी हात वर करायला सांगत नाही.

अवघड गणितं सोडवून पास झालेली मुलंसुद्धा ‘ट्रकने’ म्हणतात. हार्वर्डचे एरिक मझूर यांनी त्यांच्या वर्गाला याच धर्तीची चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीनं त्यांना विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी द्यायची, की मला खरोखर वाटतं तशी? ही गोष्ट मझूर स्वतःच सांगतात, आणि त्यानंतर त्यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. मला त्या मुलीचं फार कौतुक वाटतं. आपल्याकडे असा प्रश्न विचारला असता तर... जाऊ द्या.

ट्रकचं उत्तर आपल्या वाक्यांत बसवून बघा. ‘ट्रकने गाडीला ढकललं’, ‘गाडीने ट्रकला ढकललं’. वाक्य तेच, विभक्ती उलटी, बल तेवढंच. चेंदामेंदा गाडीचा जास्त होतो, कारण तेवढंच बल कमी वस्तुमानावर पडलं की वेग फार झटक्यात बदलतो. (बघा, ‘बल पडलं’ म्हणालोच! सवय जात नाही.)

‘ने’-‘ला’च्या या कसोटीत एक चोरवाट आहे आणि ती आपल्या तृतीयेतूनच निघते. मराठीत ‘ने’ कशालाही लागतो. चाकूने कापलं, भीतीने थरथरला, वेगाने धावला. त्यामुळे खंडाळ्याच्या घाटात एसटी डावीकडे वळली आणि तुम्ही उजव्या खिडकीवर जाऊन आदळलात की वाक्य सहज तयार होतं: ‘वळणाने मला बाहेर फेकलं.’ ने आहे, ला आहे, सगळं ठीक. पण वळण ही वस्तू नव्हे. वळणाला बोट लावून दाखवा. तुम्हाला शिवतंय कोण? सीट, आणि शेवटी खिडकीखालचा पत्रा. पत्रा तुम्हाला कुठे ढकलतो? डावीकडे, म्हणजे आत. तुम्ही सरळ चालला होतात, बस तुमच्याखालून वळली, आणि पत्र्याने तुम्हाला ओढूनताणून बसबरोबर वळायला लावलं. बाहेर फेकणारं कुणी नव्हतंच. बसमध्ये बसूनच हिशेब करायचा हट्ट असेल तर एक मानीव बल धरता येतं, इंजिनिअर लोक सर्रास धरतात, त्यात गैर काही नाही. फक्त ते मानीव आहे हे कागदावर लिहावं.

तसंच ‘घर्षणाने थांबवलं’ किंवा ‘गुरुत्वाकर्षणाने खाली आणलं’. ही बलांची नावं झाली, देणाऱ्यांची नव्हेत. जमिनीने थांबवलं. पृथ्वीने आणलं. सर यावर फार कडक होते. पाठ्यपुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं तरी म्हणायचे, पुस्तकाला सूट आहे, तुला नाही.

आता बाणांकडे येऊ. इतका वेळ मी ज्यांना नुसती वाक्यं म्हणत होतो त्यांना लांबी आणि दिशा द्यायची की सदिश झाला. या शब्दाबाबत आपण भाग्यवान आहोत. स-दिश, दिशेसह. इंग्रजांचा ‘व्हेक्टर’ म्हणजे लॅटिनमध्ये वाहून नेणारा. आयर्लंडच्या हॅमिल्टननं एकोणिसाव्या शतकात तो गणितात आणला, आणि त्यातून दिशेचा काही बोध होत नाही. गंमत म्हणजे बलांची बेरीज कशी करायची हे त्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. न्यूटनच्या 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त तीन नियम सांगून झाल्यावर पहिला उपसिद्धांत तोच आहे: दोन बलं समांतरभुज चौकोनाच्या दोन बाजू धरा, एकत्रित बल कर्णावरून मिळेल. आज आपण ज्या चिन्हांत सदिश लिहितो ती मात्र बरीच नंतरची, 1880 च्या दशकातली. अमेरिकेत येल विद्यापीठात गिब्ज यांनी विद्यार्थ्यांसाठी टिपणं छापून घेतली, इंग्लंडात हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे तेच केलं. म्हणजे पहिली दोनशे वर्षं लोकांनी ही गणितं आपल्या बारावीच्या चिन्हांशिवाय सोडवली. चिन्हं नंतर पाठ झाली तरी चालतं.

बाण का लागतात, नुसते आकडे का पुरत नाहीत, हे मला कपडे वाळत घालायच्या दोरीनं शिकवलं. आमच्या मागच्या अंगणात दोन भिंतींमध्ये चार मीटरची दोरी होती. ती मधे झोळ खायची, धुतलेल्या चादरीचं टोक मातीला लागायचं आणि आई वैतागायची. एका रविवारी मी ती सगळा जोर लावून ताणली. अगदी सतारीच्या तारेसारखी. आईनं ओली चादर टाकली आणि खिळा, खिळ्याभोवतीचा गिलावा आणि चादर हे सगळं एकदम खाली आलं. मी म्हटलं, चादरीचं वजन तीन किलो, खिळा पंधरा किलोची पिशवी सहज पेलतो, मग हे झालंच कसं?

सोमवारी सरांना सांगितलं. ते म्हणाले, कोणाकडे बघतोयस? मी म्हटलं, खिळ्याकडे. ते म्हणाले, आधी दोरीच्या मधल्या बिंदूकडे बघ, जिथे चादर आहे तिथे. त्याला तीन वाक्यं. चादरीने बिंदूला खाली ओढलं. उजव्या दोरीने बिंदूला उजवीकडे आणि किंचित वर ओढलं. डाव्या दोरीने डावीकडे आणि किंचित वर. उजवं-डावं एकमेकांत जिरतं. चादरीला तोलून धरायला उरतं ते दोन्हीकडचं ‘किंचित वर’. दोरी मधे दहा सेंटिमीटर खाली आली असेल, तर दोन मीटरच्या अर्ध्या दोरीत चढ दहाच सेंटिमीटरचा, म्हणजे विसास एक. दोरीच्या ताणाचा विसावा भाग वर लागतो, दोन बाजू मिळून दहावा. म्हणजे ताण चादरीच्या दहापट. तीन किलोच्या चादरीसाठी प्रत्येक खिळ्यावर तीस किलोचा ओढा. मी दोरी आणखी ताणली आणि झोळ पाच सेंटिमीटरवर आणला तर साठ किलोचा. आणि दोरी अगदी सरळ राहावी असं म्हटलं तर कितीही ताण पुरायचा नाही, कारण सरळ दोरीत ‘वर’ काहीच उरत नाही. आई जे मागत होती ते मिळणं शक्यच नव्हतं. हे तिला सांगायची हिंमत मला आजतागायत झालेली नाही.

यात आपण बलाचे घटक पाडले. अकरावीत मराठी माध्यमातली मुलं इंग्रजीत जाऊन पडतात आणि पहिल्याच आठवड्यात ‘रिझॉल्व्ह द फोर्स’ असं ऐकतात, तेव्हा काहीतरी गूढ चाललंय असं वाटतं. नोट मोडून सुट्टे घ्यायचे, एवढंच ते आहे. आणि शंभराची नोट मोडल्यावर नोट आणि सुट्टे दोन्ही तुमच्या खिशात राहत नाहीत. घटक काढले की मूळ बाणावर काट मारायची. तपासलेल्या हजारो पेपरांवरून सांगतो, वजन एकदा अख्खं आणि एकदा घटकांत, असं दोनदा मोजणारे दरवर्षी भेटतात. दुसरा नेहमीचा सवाल, साइन की कॉस? पाठ करू नका. उतार शून्य करून बघा. सपाट जमिनीवर गाडी आपणहून घरंगळत नाही, तेव्हा उतारावरून खाली ओढणारा घटक कोन शून्य होताच शून्य झाला पाहिजे. दोघांपैकी शून्याला शून्य कोण होतं? झालं.

आता घाटाकडे वळतो, कारण कर्जतला येऊन घाटाबद्दल न बोलणं म्हणजे फलाटावर उतरून वडा न खाणं.

पुण्याची गाडी इथे थांबते, मागे बँकर इंजिनं लागतात, आणि गाडी बोरघाट चढते. ही लाइन 1863 सालची आणि चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कोन जेमतेम दीड अंशाचा. डोळ्यांना तो चढ वाटतसुद्धा नाही. मग एवढा खटाटोप कशाला?

हे समजायला मी तुम्हाला 1586 सालात नेतो, हॉलंडमध्ये लायडनला. सायमन स्टेव्हिन नावाच्या इंजिनिअरनं तिथे एक पुस्तक छापलं आणि त्याच्या मुखपृष्ठावरच एक चित्र घातलं. एक त्रिकोणी पाचर, एक बाजू दुसरीच्या दुप्पट लांब. तिच्यावरून चौदा सारख्या मण्यांची एक माळ टाकलीय. लांब उतारावर चार मणी, आखूड उतारावर दोन, उरलेले आठ खाली लोंबतायत. माळ फिरेल का? फिरली, तर एक मणी सरकल्यावर चित्र पुन्हा पहिल्यासारखंच दिसेल, म्हणजे ती परत फिरेल, आणि फिरतच राहील, फुकटात, कायमची. हे होत नाही हे स्टेव्हिनला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे माळ स्थिर आहे. खालचे लोंबते आठ दोन्हीकडे सारखेच ओढतात, ते कापून टाकले तरी फरक पडायचा नाही. तेव्हा लांब उतारावरचे चार आखूड उतारावरच्या दोनांशी तोललेले आहेत. साइन नाही, कॉस नाही, बाण नाही. मला वाटतं, भौतिकशास्त्रात इतक्या कमी सामानात केलेलं काम दुसरं क्वचितच सापडेल.

आता आखूड बाजू पूर्ण उभी करा आणि लांब बाजू बोरघाटाची. उभ्या कड्यावरून लोंबणारा एक डबा घाटातल्या सदतीस डब्यांना तोलून धरील. उलट म्हणायचं तर घाटात चढणारी गाडी तिच्या वजनाच्या सदतिसाव्या हिश्श्यानं मागे ओढली जाते. समजा वीस डबे, प्रत्येकी पन्नास टन. हजार टनांची गाडी, सदतिसावा भाग सत्तावीस टन, न्यूटनमध्ये दोन लाख पासष्ट हजार. म्हणजे गाडी एका वेगानं चढत असली तरी अर्धा डबा सतत हवेत लटकवून धरल्यासारखं आहे. चाकांचं घर्षण आपण सोडून दिलं, आणि इंजिनांनी स्वतःचं वजन स्वतः ओढायचं.

पण मग दुसरं इंजिन पुढेच का लावत नाहीत? मागून का ढकलायचं? हा प्रश्न सरांनी आम्हाला वर्गात घातला नव्हता. सहलीच्या वेळी फलाटावर घातला, हातात वडा असताना. कोणाकडे बघायचं, असं मीच विचारलं, तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, गाडी डोळ्यांनी काप. जिथला जोड बघायचाय तिथे काप आणि फक्त मागच्या तुकड्याकडे बघ.

दोन्ही इंजिनं पुढे असतील तर पहिल्या डब्याच्या पुढे कापा. मागे वीस डबे, त्यांचा सगळा सत्तावीस टनांचा ओढा तो एक जोड सोसतोय. तो तुटला तर काय होईल हे सांगायला नको. आता निम्मं बळ पुढून, निम्मं मागून, साडेतेरा-साडेतेरा. पहिल्या जोडावर साडेतेराच. पाच डब्यांनंतर कापा. मागे पंधरा डबे, त्यांना सव्वावीस टन लागतात, साडेतेरा बँकरने त्यांना दिले, तेव्हा जोडाने त्यांना पावणेसात टनांनी पुढे ओढलं. दहा डब्यांनंतर कापा. मागच्या दहांना साडेतेरा लागतात आणि बँकरने त्यांना साडेतेराच दिले. जोडावर शून्य! घाट चढणाऱ्या हजार टनी गाडीच्या मध्यावर एक जोड असा, ज्याला ना ओढ, ना दाब. त्याच्या मागे पंधरा डब्यांनंतर कापलंत तर उत्तर उणे पावणेसात येतं, आणि इथे मुलं घाबरून चिन्ह खोडतात. खोडू नका. आपण ‘ओढलं’ असं वाक्य लिहिलं होतं, उणे चिन्ह म्हणतंय की क्रियापद बदला: जोडाने मागच्या डब्यांना मागे ढकललं, म्हणजेच मागच्यांनी पुढच्यांना पुढे ढकललं.

आणि शेवटचं वाक्य राहिलंच. इंजिनाने डब्यांना ओढलं, बरोबर. पण इंजिनाला पुढे कोणी ढकललं? मोटरने? मोटर इंजिनाच्या पोटातच आहे, स्वतःच्या पोटानं स्वतःला ढकलता येत नाही. इंजिनाला बाहेरून शिवतंय कोण? डबे शिवतात, ते मागे ओढतात. उरले रूळ. चाकाने रुळाला मागे ढकललं, रुळाने चाकाला पुढे ढकललं. बोरघाट गाडीला रूळ चढवतात. पावसाळ्यात ते ओले झाले की चाक जागच्या जागी गरगरतं, आणि म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या असतात, चाकापुढे रुळावर वाळू सोडायला. एवढे मोठे इंजिनिअर आणि शेवटी भिस्त मूठभर वाळूवर, असं मी म्हणालो, तेव्हा सरांनी हातातला वड्याचा कागद चुरगाळून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, ‘आता गाडी लोणावळ्याहून खाली येतेय. मधल्या जोडावर काय?’

मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, ‘तेच सगळं, फक्त चिन्हं उलटी.’

सर हसले नाहीत की रागावले नाहीत. बँकर लागल्याचा दणका ऐकू आला, गाडी हलली, आणि ते दारातून म्हणाले, ‘ब्रेक कुठे कुठे असतात, ते बघून ये खाली वाकून.’